भुरक्याच्या आतलं भांडण

आमच्या शेजारचे मगदूम अण्णा लॅपटॉपचा वेग चहाच्या भुरक्यात मोजतात.

चहा बशीत ओतायचा. एका हाताने लॅपटॉपचं बटण दाबायचं आणि दुसऱ्या हाताने बशी तोंडाला लावायची. पडद्यावर सगळं येऊन बाण नीट हलायला लागेपर्यंत जितके भुरके झाले, तितका त्या लॅपटॉपचा वेग. भुरका ठरलेला हवा. घाईचा चालत नाही, फुंकर घातलेला चालत नाही, आणि मध्येच कुणी हसवलं तर मोजणी रद्द करून चहा पुन्हा टाकावा लागतो. आमच्या सोसायटीतले बहुतेक लॅपटॉप असे मोजून झाले आहेत. सेक्रेटरींच्या नव्या लॅपटॉपबद्दल विचारलं तर कंपनीचं नाव न सांगता अण्णा सांगतात, "एक भुरका. त्यांनी घेतल्याला म्हाग, आन् खालच्या मजल्यावरच्या पोरीचा स्वस्तातला. त्योबी एकच भुरका. मग ह्यांनी पैसं कशाचं दिलं? रंगाचं?"

हे वाक्य त्यांनी सेक्रेटरींच्या देखतच म्हटलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत.

अण्णा एसटीच्या कोल्हापूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. आयुष्य फलाटावर गेलं. राधानगरी, गारगोटी, मुरगूड, मलकापूर ही नावं ध्वनिक्षेपकातून ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला आहे की ते कानात काही सांगायला लागले तरी समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येतात. निवृत्त झाल्यावर मुलीने त्यांना तिचा जुना लॅपटॉप दिला. तेव्हापासून त्यांना संगणकाचा नाद लागला. नाद म्हणजे त्यांनी संगणक शिकून घेतला असं नव्हे. संगणकाच्या जाहिरातींवर संतापायला ते शिकले.

"मास्तर, ह्ये वाचा," असं म्हणत ते सकाळी वर्तमानपत्र घेऊन माझ्या दारात उभे राहतात. मी एका शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचा जाब मला विचारता येतो अशी त्यांची समजूत आहे. "सेकंदाला सात हजार म्हणं! काय सात हजार? तुमी कुटं चाललाय सात हजारानं? वीजबिल भराय न्हवं? का नातवाचा फोटू बघाय?"

"अण्णा, ते डिस्कच्या वेगाबद्दल आहे. माहिती साठवतात ना, तिथून ती किती लवकर—"

"मला शिकवू नगा! राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला म्हणून तुमच्या न्हाणीतल्या नळाला पाणी जास्त येतंय व्हय? नळ केवढा हाय? तेवढाच हाय की! मग दरवाजा केवढा उघडला त्येची जाहिरात माझ्या न्हाणीत येऊन कशाला करतोयस?"

आता मी कबूल केलं पाहिजे की ते चूक बोलत नाहीत. मी नंतर चार जाणत्या लोकांना विचारलं. पूर्वीच्या फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कपेक्षा आताची एसएसडी कितीतरी जलद असते, तो फरक आंधळ्यालाही कळतो. पण एसएसडीतली साधी आणि एसएसडीतली महागडी, यांच्यातला फरक कागदावर डोंगराएवढा असला तरी पत्र टाइप करणाऱ्या, बिलं भरणाऱ्या, मुलांचे गुण चढवणाऱ्या माणसाला तो जाणवत नाही. लग्नाची तासन्‌तास केलेली शूटिंगं इकडून तिकडे हलवायची असतील तर गोष्ट वेगळी. अण्णांनी हेच एका वाक्यात बसवलं होतं: "भुरक्याच्या आतलं भांडण कंपनीनं आपल्या घरात मिटवावं."

माणूस बरोबर असतो तेव्हाच तो सगळ्यात जास्त त्रास देतो, हे मी त्यांच्या शेजारात शिकलो.

माझा स्वभाव अपराधी आहे. भाजीवाल्याने नासका टोमॅटो घातला तर त्याला वाईट वाटेल म्हणून मी तो घरी आणतो, आणि मग बायकोला वाईट वाटलं म्हणून तो मीच खातो. अशा माणसाने लॅपटॉप घ्यायला जाताना मगदूम अण्णांना सोबत नेऊ नये. मी नेलं नव्हतं. ते जिन्यात भेटले, "कुटं?" म्हणाले, मला खोटं बोलता आलं नाही, आणि ते थर्मास घेऊन खाली आले. पिशवीत बशी होती.

राजारामपुरीतल्या त्या दुकानात काउंटरवर गुलाबी शर्टातला एक तरुण विक्रेता होता. तो चांगला बोलत होता. त्याने मला दोन लॅपटॉप दाखवले आणि दुसरा घ्या म्हणाला. "सर, बाकी सगळं सेम आहे, पण यात जेन फोर ड्राइव्ह आहे. चौथी जनरेशन."

"पावणं," अण्णा मागून म्हणाले, "आमची तिसरी पिढी अजून बालवाडीत हाय. चौथीची घाई करू नगा."

विक्रेता हसला. तिथेच त्याचं चुकलं. अण्णांना वाटलं की आपल्याला हसला. त्यांनी काउंटरवर बशी मांडली, थर्मासातून चहा ओतला आणि म्हणाले, "दोनी बंद कर. मी म्हणंल तवा चालू कर."

"काका, इथं चहा सांडला तर—"

"सांडायला मी काय ल्हान हाय? चालू कर!"

त्याने पहिला चालू केला. अण्णांनी डोळे मिटून भुरका मारला. तो आवाज दुकानभर गेला. मोबाइलच्या बाजूची गिऱ्हाइकं वळली. बशी खाली आली तेव्हा लॅपटॉप चालू झाला होता. दुसरा चालू केला, दुसरा भुरका. तोही चालू झाला होता. अण्णांनी मिश्या पुसल्या.

"काय फरक?"

"काका, तो तुम्हाला असा दिसणार नाही. तो बेंचमार्कमध्ये दिसतो."

"त्यो कुटं असतोय?"

"म्हणजे... सॉफ्टवेअर असतं. ते चालवलं की आकडा येतो."

"म्हंजे आकडा दिसाय आणि एक यंत्र लागतंय!" अण्णांचा आवाज फलाटावर गेला. "गाडी मुरगूडला कवा पोचली ते परवाशाला कळत न्हाय, ते कळायला येगळं हापिस! आरं, परवासी उतारला का न्हाय तेवढं सांग की! मास्तर, पयला घ्या. ह्यो माणूस तुमाला विमानाचं तिकिट देऊन हितल्या हितं कळंब्याला सोडतोय."

मी पहिला घेतला. विक्रेत्याचा चेहरा उतरलेला बघून मला इतकं अपराधी वाटलं की मी नको असलेली एक बॅग आणि पडदा पुसायचं फडकं घेतलं. रस्ताभर अण्णा त्या फडक्यावर संतापत होते.

इतकं सगळं मी सहन करत आलो. पण माझ्या रागाचं खरं कारण वेगळं होतं. जगाच्या लॅपटॉपचे भुरके मोजणाऱ्या या माणसाचा स्वतःचा लॅपटॉप डबडं होता.

शब्द त्यांचाच. "आमचं डबडं." मुलीने दिलेला तो जुना लॅपटॉप, आत फिरणारी हार्ड डिस्क. तो चालू होईपर्यंत कप तर संपायचाच, वर कप विसळूनही व्हायचा. आत दळण चालल्यासारखी घरघर. एखादा फोटो उघडायचा तर पडदा काळा व्हायचा, मधोमध ठिपके गोल गोल फिरत राहायचे, आणि आपल्या सगळ्या आयुष्याचा विचार करून होईपर्यंत तो फोटो येत नसे. फिरती डिस्क काढून एसएसडी घातली की फरक पडतो, ही अण्णांचीच शिकवण. खालच्या मजल्यावरच्या मुलीला त्यांनीच ती घालायला लावली होती. पण त्यांच्या डबड्याबद्दल कुणी हेच सुचवलं की ते उसळायचे. "माझं मला बरं हाय! हात लावशीला तर बगा!"

आणि दुपारी चार वाजता ते या डबड्यासमोर बसून आपल्या बायकोवर, मगदूम काकूंवर ओरडायचे.

हे मी सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मगदूम काकूंना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. चालणं थोडं सुधारलं, उजवा हात लुळा राहिला आणि बोलणं गेलं. पूर्ण गेलं असंही नाही. लहानपणापासून पाठ असलेला णमोकार मंत्र त्या सलग म्हणतात. "मुडदा बशिवला" ही त्यांची आवडती शिवीही जशीच्या तशी शाबूत आहे. पण पाणी हवं असेल तर "पाणी" हा शब्द सापडत नाही. तो त्यांना दिसतो, जिभेवर येत नाही. पूर्वी त्या गॅलरीत उभ्या राहून सगळ्या सोसायटीशी बोलायच्या. आता कुणी समोर आलं की पदर नीट करून आत जातात.

अशा बाईवर हा माणूस रोज ओरडायचा. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. शाळेतून येऊन मी आडवा झालो की पलीकडून सुरू व्हायचं. "बोल! बोल लवकर! आलं बग, आलं! काय करतीयास? आलं!" मग क्षणभर शांतता. मग "हरलं!" अशी आरोळी, आणि काकूंचं "मुडदा बशिवला!"

माझं रक्त उकळायचं. मी भिंतीकडे बघून बायकोला म्हणायचो, "ऐक! आजारी माणसाशी ही बोलायची पद्धत आहे?" बायको म्हणायची, "मग जाऊन सांगा की त्यांना." मी गेलो नाही. मला वाटायचं, जाऊन बोलू, मग वाटायचं की आपण कोण. बोलत नाही याचं अपराधीपण वेगळं आणि ऐकतो आहोत याचं वेगळं. दोन्ही घेऊन मी चहा प्यायचो.

अशातच पुण्याहून त्यांच्या मुलीचा, संगीताचा फोन आला. तिचंही रडगाणं डबड्याचंच होतं. "दादा, आई-बाबांना व्हिडिओ कॉल लावला की ते डबडं सुरू होईपर्यंत माझी जेवणाची सुट्टी संपते. मी एसएसडी पाठवते म्हटलं तर बाबा माझ्यावरच ओरडले."

मला तेव्हा एकदम सगळं उलगडल्यासारखं वाटलं. लॅपटॉप हळू, म्हणून अण्णा चिडतात. चिडतात, म्हणून तो राग काकूंवर निघतो. मी हे संगीताला सांगितलं. काकूंवर ओरडतात हेही सांगितलं. ती रडली. म्हणाली, "दादा, तुमच्या पत्त्यावर पाठवते. तुम्ही काहीतरी करून बसवाच. आईसाठी."

डिस्क आली. मगदूमांच्या भाचीचं लग्न मुरगूडला होतं, त्यासाठी दोघं दोन दिवस गेली. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेली. "मास्तर, तुमच्यावर सोडून चाललोय," असं अण्णा म्हणाले आणि मी मान हलवली. त्यांची रिक्षा कोपऱ्यावरून वळली तशी मी कुलूप काढलं, कुंड्यांना पाणी घातलं आणि लॅपटॉप पिशवीत टाकून राजारामपुरी गाठली.

गुलाबी शर्टवाल्याने, त्या दिवशी त्याचा शर्ट निळा होता, संध्याकाळपर्यंत काम करून दिलं. जुन्या डिस्कमधलं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कमध्ये आणलं. एक चित्रही इकडचं तिकडे नाही. "जुनी देऊ का बांधून?" त्याने विचारलं. मी दचकून नको म्हणालो. ती घरात ठेवायला मला पुराव्यासारखी वाटली. लॅपटॉप होता तसा जागेवर ठेवला, वर त्यांचा टॉवेलही होता तसाच टाकला. त्या रात्री मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती अशी झोप लागली. एका बाईचा छळ मी थांबवला होता.

ती दोघं परत आली. चार वाजले. मी भिंतीला पाठ लावून बसलो. ओरडणं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "बघ," मी बायकोला म्हणालो, "यंत्र सुधारलं की माणूस सुधारतो." तिसऱ्या दिवशी मला राहवेना. आभार मानून घ्यायचे नव्हते, पण अण्णा काही म्हणाले तर ऐकून घ्यायची तयारी होती. मी त्यांची बेल वाजवली.

काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. माझ्याकडे वळल्या नाहीत. अण्णा लॅपटॉपसमोर होते, आणि त्यांचा आवाज एवढा लहान होता की मी आत आल्यावर दार लावून घेतलं.

"मास्तर, बसा. तुमाला काय कळतंय का बगा. डबडं पळाय लागलंय."

"म्हणजे चांगलंच झालं की."

"काय चांगलं? आमचा खेळच बुडाला."

मग त्यांनी खेळ सांगितला. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी काकूंसाठी चित्रं दिली होती. भाज्या, भांडी, पक्षी, जनावरं. चित्र दाखवायचं आणि नाव विचारायचं, अशी त्यांची पद्धत. काकूंना ती आवडेना. शाळेतल्या पोरासारखं कोण बोट दाखवून विचारतंय आणि आपण ठोंब्यासारखं बसलोय, याचा त्यांना संताप यायचा. मग एक दिवस अण्णांनी आधी खूण सांगितली, "हिरवं, कडू, अंगावर काटं," आणि चित्राचं बटण दाबलं. डबड्याने नेहमीप्रमाणे वेळ घेतला. आत घरघर, बाहेर ठिपके गोल गोल. आणि चित्र यायच्या आत काकू म्हणाल्या, "कारलं!"

"यंत्राच्या आदी बोलली, मास्तर! डाक्टर म्हणालता, बोलंल का न्हाई सांगता येत न्हाई. आन् ही कंपनीच्या आदी बोलली! मी वरडलो, 'हरलं! डबडं हरलं!' तर ही लॅपटॉपला म्हणती कशी, 'मुडदा बशिवला तुजा.' आन् हसली. झटका आल्यापासनं पयल्यांदा हसली."

तेव्हापासून रोज चार वाजता शर्यत. काकू विरुद्ध डबडं. आणि "बोल लवकर, आलं, आलं" हे ओरडणं रागाचं नव्हतं. तालमीत पैलवान खाली आला की काठावरची माणसं ओरडतात, तसलं ते होतं.

मला खाली बघायचं होतं, पण खाली कुठे बघावं ते कळेना.

"आता बगा," अण्णा म्हणाले. "अगं ए. हिकडं बग. एकच डाव. लांब मान, एका पायावर हुबा, पाण्यात मासं धरतोय." त्यांनी बटण दाबलं. काकूंचे ओठ नुसते उघडले होते, तोवर पडद्यावर स्वच्छ पांढरा बगळा उभा होता. घरघर नाही, ठिपके नाहीत. काकूंनी तोंड मिटलं आणि परत खिडकीकडे फिरवलं.

"रोज असंच. तिसरा दिस हाय. काल तर तिनं टॉवेल टाकला त्येच्यावर."

"अण्णा," मी कसाबसा म्हणालो, "तुम्ही जरा थांबून बटण दाबा. त्या बोलल्या की मग दाबायचं."

"दाबलं की. पयल्याच दिशी दाबलं. मला काय अक्कल न्हाय?" त्यांनी काकूंकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "तिला कळलं. तिनं डाव्या हातानं माजा हात धरून बटनावर आपटला. मी मुद्दाम हरतोय असं तिला चालत न्हाय, मास्तर. डबडं मुद्दाम हरत नव्हतं."

मी सांगून टाकलं. किल्ली, संगीता, दुकान, निळा शर्ट, भिंतीला लावलेले कान, सगळं. मला वाटलं आता इमारत हलेल. मनातून मला ती हलायला हवी होती. ते ओरडले असते तर माझं काहीतरी फिटलं असतं. पण माझं काही फेडून घ्यायला त्यांना वेळ नव्हता.

"जुनी कुटं हाय?"

"दुकानात. मी ठेवून घ्या म्हणालो."

ते उठून चपला शोधू लागले.

दुकानात विक्रेत्याने आम्हाला ओळखलं. अण्णांना विसरणं सोपं नाही. आम्ही काय मागतोय ते त्याला दोनदा सांगावं लागलं. "जुनी परत घालायची? काका, लोक जुनी काढायला येतात." त्याने काउंटरखालचे खोके उचकायला घेतले. काढलेल्या डिस्कांचा ढीग होता, भंगारवाला शनिवारी यायचा होता. तो एकेक बाहेर काढत होता आणि बोलत होता. "तुम्हीच मला इथं चहा पिऊन शिकवलं होतं ना काका, जलद काय आणि हळू काय? सगळ्या दुकानासमोर. आज काय झालं? नवीन पचली नाही?"

मोबाइलच्या बाजूचा पोरगा फिसकन हसला. मग आणखी कुणीतरी.

माझा संताप मस्तकात गेला. मी तोंड उघडलं. या माणसाला सगळं सांगायचं, त्याचा तो शर्ट धरून सांगायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात कोपरावर अण्णांचा हात आला आणि जोरात दाबला गेला.

"व्हय पावणं," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळत न्हाय. म्हातारा माणूस, जुनी सवय. घाला तेवढी."

हे वाक्य मगदूम अण्णांच्या तोंडून निघालं यावर त्यांना ओळखणारा कोल्हापुरातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. ते काउंटरला धरून उभे होते. विक्रेत्याच्या हातातली प्रत्येक डिस्क डोळ्यांनी तपासत होते. शेवटून दुसरी निघाली ती आमची. कधीकाळी लॅपटॉप दुरुस्तीला उघडला तेव्हा संगीताने खुणेसाठी तिच्या मागे चिकटवलेलं कागदी फुलपाखरू होतं. अण्णांनी ते बोटाने चाचपून बघितलं आणि म्हणाले, "हीच."

परतताना रिक्षात मी म्हणालो, "अण्णा, एक शब्द सांगितला असता तर त्याने पाय धरले असते तुमचे. हसून घेतलं त्याने."

"हसू दे की. मला हसला." ते बाहेर बघत होते. "तिचं बोलणं गेलंय ही दुकानात मांडायची गोष्ट हाय व्हय, मास्तर? उद्या ती हितनं जाईल, कोणतरी म्हणंल, हीच ती." मग म्हणाले, "स्टँडवर मी दिसभर बोलायचो. घरी येताना घसा बसल्याला असायचा. घरात बोलायचं खातं तिच्याकडं हुतं. मी नुसतं व्हय म्हणायचो. आता घरात गेलो की माजाच आवाज ऐकाय येतोय. लई वाईट आवाज हाय ओ माजा."

सोसायटीच्या दारात मी रिक्षाचे पैसे दिले.

त्यांनी मला माझ्या घरी जाऊ दिलं नाही. "बसा. खेळ तर बगा, कशापायी एवढं केलासा ते." डबडं चालू केलं. घरघर सुरू झाली तशा खिडकीजवळच्या काकू सावरून बसल्या. त्यांनी मान वळवली, डाव्या हाताने पदर खोचला आणि खुर्ची ओढत पडद्यासमोर आल्या. माझ्याकडे बघून आत गेल्या नाहीत.

पहिला डाव हरल्या. दुसराही हरल्या. अण्णा ओरडत होते, "आगं तोंडाशी आलाय, सोड की भाईर!" तिसऱ्याला "पोपट" निघाला, चित्राच्या जरा आधी. "हरलं!" अण्णांनी मांडीवर हात मारला. काकूंनी लॅपटॉपचा मुडदा बसवला आणि बोटानेच खूण केली, पुढचं लाव.

"काळा रंग," अण्णा म्हणाले, "सकाळपासनं वरडतोय, कुणाचं ऐकत न्हाय, आन् बिनबोलिवता सगळ्यांच्या दारात जाऊन बसतोय." त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा, ठिपके गोल गोल. "बोल! लवकर! आलं बग!"

काकूंचे ओठ हलले. थांबले. कपाळावर आठी आली. अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते, ते त्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांचे स्वतःचे ओठ आवाज न करता "का... का..." करत होते.

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

"तु... तुमी!" त्या म्हणाल्या.

आत घरघर चालूच होती. अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते माझ्याकडे वळले आणि घसा बसल्यासारखे म्हणाले, "मास्तर, ह्ये बरूबर धरायचं का?"

"धरा," मी म्हणालो.

पडद्यावर केव्हातरी कावळा येऊन बसला. त्याच्याकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.